कपाळाला लावलेले बोट

कोणतीही वस्तू दिसली, की इंदुरीचे रावजीआबा पहिला प्रश्न एकच विचारत, "इकताना हिचं काय येईल?" ती घ्यायची की नाही, हा पुढचा मुद्दा. मी कामशेतला दवाखाना थाटला तेव्हा पाठीवरचे गळू दाखवायला ते आले. मी रुबाबात छातीला नळी लावली, तर त्यांनी नळीच हातात घेतली, ओढून पाहिली आणि म्हणाले, "डाक्टर, ही जुनी झाल्यावर कोन घेतं?"

"कोणी नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिले, की गळू त्यांना नसून मलाच झाले आहे असे वाटावे.

इंद्रायणीकाठी आबांची चांगली जमीन होती, पण मावळात त्यांचे नाव होते ते बैलांच्या पारखीसाठी. बाजाराला निघालेला माणूस आधी त्यांच्या ओसरीवर यायचा. सौद्याची त्यांची रीत जुनी. समोरच्याच्या हातावर उपरणे टाकायचे आणि उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवायचा. भोवती गर्दी असली तरी भाव दोघांतच. तिथे दिलेला शब्द आबांनी कधी फिरवला नव्हता. "घेतानाच इकायचं बघावं," ते म्हणत. "जनावर वयानं उतरायच्या आत दुसऱ्याच्या दारात बांधावं. माया लागली का भाव गेला."

मी तेव्हा सायकलवरून खेडी करीत असे, म्हणजे बरीचशी भातखाचरांतून करीत असे. एका घरी तर आजारी पोराच्या आईने आधी मला धुतले, मग पोराजवळ जाऊ दिले. त्या दिवशी मोटार घ्यायचे ठरवले. दोन-तीन वर्षे मावळात काढून पुण्याला जायचा बेत होता. गाडी भरवशाची हवी, आणि जाताना चांगल्या भावाने विकली जाणारी हवी. हे मी आबांजवळ बोललो. त्यानंतर पुण्याला निघालो तर तळेगावला आबा माझ्याच डब्यात चढले. डोक्याला नवा पटका, खांद्यावर उपरणे. "येकलं कशाला जाताय? फसवत्याल," म्हणाले.

दुकानात दोन गाड्या होत्या. एक काळी, चौकोनी, जिकडेतिकडे दिसते तसली. दुसरी लांबलचक, डाळिंबी रंगाची. माझा जीव डाळिंबीवर. गळ्यात टाय बांधलेला विक्रेता तिचे गुण सांगू लागला, तोच आबांनी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"तापवून ठिवलीया," ते म्हणाले. "बाजारात बी लंगडा बैल पळवून आनत्यात, लंगडनं दिसू नये म्हनून. सकाळच्या गारठ्यात उठती का, ते दावा. आन तोंड उघडा हिचं."

तोंड उघडले गेले. आबांनी काठीने चाके ठोकली, मागे जाऊन वाकून पाहिले. दुकानातली दोन-चार सभ्य गिऱ्हाइके थांबून बघू लागली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात आबांनी विक्रेत्याच्या हातावर उपरणे टाकले आणि खालून त्याची बोटे धरली. तो जो दचकला, तो टेबलाला अडकून राहिला म्हणून पडला नाही.

"अहो, किंमत ठरलेली असते!"

"ठरलेली आसती? मग तुमाला हितं कशापायी बसवलंय?"

विक्रेता मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "हे आपले कोण?"

"पेशंट," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण लाज माणसाला थांबू देत नाही. मी कपाळाला बोट लावून ते गोल फिरवले. विक्रेता समजुतीने हसला.

डाळिंबी गाडीचे दार आरशासारखे घासलेले होते, आणि आबा त्या दाराकडे तोंड करून उभे होते. दारात त्यांचा पटका दिसत होता, आणि पटक्यामागे मी. माझे बोट अजून कपाळालाच होते.

आबांनी उपरणे घडी करून खांद्यावर टाकले आणि शांतपणे म्हणाले, "काळी घ्या. जे जनावर गावोगाव हाय, त्येचा वैद्य बी गावोगाव मिळतो. आन गिऱ्हाईक बी."

मी काळी घेतली. अकलेने नव्हे, त्यांच्याकडे बघायची सोय उरली नव्हती म्हणून. गाडी मागाहून यायची होती, तेव्हा परतीचा प्रवास आगगाडीनेच झाला. खडकी आली. तसे आबा भरल्या डब्यात म्हणाले, "डाक्टर, आमच्या डोक्याला काय झालंय, ते जरा इस्कटून सांगा की." खडकी स्टेशन विकत घ्यायचे असल्यासारखा मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढे लग्नाकार्यात कुठेही भेटले, की चारचौघांत हात जोडायचे. "रामराम. मी डाक्टरांचा डोक्याचा पेशंट." लोक हसत, आबाही हसत. मी मान खाली घालून अक्षता निवडत बसे.

गाडी मात्र भरवशाची निघाली. पवनेकडच्या चिखलातही पहिल्या हँडलला उठायची. एकदाच अडली, कारण मी तिच्यात पाणी घालायला विसरलो होतो. ती ओढून आणायला आबांनी स्वतःची बैलजोडी पाठवली आणि सोबत निरोप : "जनावराला पानी दावायचं आस्तंय."

दोन-तीन वर्षांची बरीच वर्षे झाली. लढाई लागली, नव्या गाड्या येईनाशा झाल्या, जुन्यांना कधी नव्हे तो भाव आला. पुण्यात दवाखान्याला जागाही मिळाली. आबांनी लोणावळ्याला बंगले भाड्याने देणारे एक शेटजी गाठले आणि उपरण्याखाली असा सौदा केला, की शेटजी बोटे चोळीत उठले. "बगा, हीच येळ," आबा मला म्हणाले. "उतरायच्या आत बांधा दुसऱ्याच्या दारात."

आभार मानायला मी इंदुरीला गेलो. ओसरीवर कोणी नव्हते. गोठ्यामागून आवाज आला म्हणून तिकडे वळलो. कुडाआड तीन म्हातारे बैल उभे होते. एकाच्या डोळ्यात फूल पडलेले, एक तीन पायांवर तोललेला. तिसऱ्याला दात नसावेत. आबा त्याला भिजवलेला कोंडा मुठीमुठीने भरवीत होते, आणि लहान मुलाशी बोलावे तसे बोलत होते.

मला पाहताच त्यांनी पाटी मागे लपवली. कोंड्याची पाटी लपवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"हितं कशाला आलासा? वसरीवर बसायचं."

"आबा, हे विकले नाहीत?"

"कुनाला बोलू नगा," ते खाली बघत म्हणाले. "लोकांना कळलं तर माज्यासंगं बाजाराला कोन येईल? उभ्या मावळाला इकायला शिकवलं, आन सोताला..." बैलाने त्यांच्या हाताला तोंड लावले. "त्या दिशी तुमी बोट बराबर जागी लावलंवतं, डाक्टर."

ठरल्या दिवशी आबा शेटजींना घेऊन दवाखान्यात आले. मी हँडल आणि किल्ली हातात घेऊन गाडीजवळ गेलो, आणि तसाच उभा राहिलो. हात पुढे होईना.

"नाही विकायची," मी म्हणालो.

शेटजी भडकले. "आबा, उपरण्याखालचा शब्द आहे!"

जन्मात न फिरलेला आबांचा शब्द मी कामशेतच्या भर बाजारपेठेत पाडला होता. आता ते मला काय बोलतील ते निमूट ऐकायचे, म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. आबांनी माझ्या हातातले हँडल आणि किल्ली पाहिली. मग शेटजींकडे वळून स्वतःच्या कपाळाला बोट लावले.

"डोक्याचं दुकनं हाय शेटजी. आमच्यातनंच लागलं त्येनला."

मीही पुण्याला गेलो नाही; तिथली जागा दुसऱ्याने घेतली.

पुढच्या हिवाळ्यात आबांच्या मुलाने पहाटे माणूस धाडला. कडाक्याच्या थंडीत गाडी उठली आणि मी वेळेत पोचलो, पण माझ्या नळीला करण्यासारखे काही उरले नव्हते. आबा गोधडीतून पुटपुटले, "पयल्या हँडलला उठली?"

"पहिल्या."

"मग आत्ताच इका."

"हो आबा, विकतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. गोधडीतून हात बाहेर आला, एक बोट उचलले गेले आणि अर्ध्यावर थांबले. त्या हातात तेवढे बळ राहिले नव्हते. मी ते बोट धरले आणि उरलेल्या वाटेने माझ्या कपाळापर्यंत नेले.