पोटात जाणारं चाक

आमच्या गल्लीत पक्की खबर आहे, की मामा पूर्वी विमानतळावर मोठा मेकॅनिक होता आणि एका विमानाचं चाक पोटातच अडकलं म्हणून त्याला घरी बसवलं. सांगणारे प्रवाशांच्या किंकाळ्याही काढून दाखवतात. त्यातल्या बऱ्यापैकी जमलेल्या किंकाळ्या माझ्याकडून शिकलेल्या.

खरं म्हणजे मामा जन्मभर लिफ्टच दुरुस्त करतोय. विमानात तो कधी बसलेला नाही. चाक अडकलं होतं ते त्याने स्वतः बांधलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या चार फुटी विमानाचं. ते नाकावर खरडत उतरलं, आणि आत कोणी नसल्यामुळे किंकाळी मामालाच मारावी लागली.

तेच विमान त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा जोडायला घेतलं.

"अहो, पाय आवरा त्याचे, मला भाजी चिरायचीय," मामी म्हणायची.

"पायच तर आवरत नाहीत गं त्याचे!"

नाकाखालचं चाक जमिनीवर डावीउजवीकडे वळायला हवं आणि उडाल्यावर दुमडून पोटात जायला हवं. वळवायला दोन बाजूंनी दोन दोऱ्या. पहिल्या खेपेला मामाने त्या लिफ्टच्या दोरासारख्या करकचून ताणल्या होत्या. लिफ्टवाल्याला ढिली दोरी म्हणजे महापाप! मग चाक दुमडताना वाकडं झालं आणि आत रुतलं. आता त्याने दोऱ्या अशा बेतल्या, की चाक खाली असताना ताठ, वर गेलं की सैल.

"सैल सोडायचं, पोपटे, सैऽऽल," तो नाकातून म्हणायचा, आणि मी लगेच तेच त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचे. "इतकी वर्षं ताणतच आलो."

शाळेमागच्या मैदानाला सोमवारपासून इमारतीसाठी पत्रे ठोकणार होते, त्यामुळे रविवार शेवटचा. "आता मोडलं तर माळ्यावर," मामाने सांगून टाकलं होतं.

"सैल दोरी अडकणार," मी म्हटलं.

"लाव पैज! हरलीस तर शाळा संपेपर्यंत माझा आवाज काढायचा नाही."

"आणि जिंकले तर तुझी मिशी उडवायची."

"मी पोरीच्या बाजूने," मामी म्हणाली.

विमान उडालं, चाकं आत गेली. दोन घिरट्यांनंतर मामाने बटण दाबलं. मागची दोन्ही चाकं उतरली. नाकाचं नाही. मामाच्या कपाळावर घाम. 'बघ, सांगितलं नव्हतं!' असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मनात एवढंच, उतर ना गं बाई, उतर.

आणि ते उतरलं. आधी जरा तिरकं, मग दोऱ्या ताठ झाल्या आणि सरळ. विमान टेकलं, आणि मामाने ते वळवत वळवत थेट मामीच्या चपलांपाशी आणून उभं केलं. मामीने पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाली, "धूळ गेली."

मैदानावर आता इमारत आहे. तिची लिफ्ट मामाच सांभाळतो. पाहुणे आले की मला आग्रह करतात, "काढ ना मामाचा आवाज!" माझी शाळा अजून संपलेली नाही. समोर मामा मिशीला पीळ देत बसलेला असतो.