डोकी गोल करणाऱ्या मावशी

तीर्थपुरीत बाळ जन्मलं की मालिशला मावशीच लागत. बाळाचं डोकं दाबून गोल करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोमट तेल आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायच्या आणि बाळालाच विचारायच्या, "बराबर हाय का, सायब?"

आमच्या तीन महिन्यांच्या नातीचं डोकं मागून एका बाजूला चपटं दिसायला लागलं. माझी बायको म्हणाली, "मावशी, जरा जोर लावून दाबा."

मावशींनी हात मागं घेतला. "न्हाई. लय वर्षं दाबली, चुकलंच माझं. दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं मला. ही दाराकडं बघत एकाच अंगाला मान टाकून राह्यली, म्हणून झालं हे. मान आखडली का, ते डॉक्टरला दाखवा जल्दी."

मंग त्यांनी पाळण्यातलं उशाचं पायथ्याला केलं, म्हणजे दार बघायला तिला दुसऱ्या अंगाला मान वळवावी लागंल, आणि जाग्या नातीला आपल्या पसरलेल्या पायांवर पालथं घातलं. तिनं थरथरत मान उचलली.

ज्या कामानं नाव झालं तेच चुकलं, असं आपल्याच तोंडानं सांगायला छाती लागते.

आता शेजारणी नातीचं गोल झालेलं डोकं बघून विचारतात, "मावशींनीच दाबलं असंल?"

मी अभिमानानं सांगतो, "न्हाई. मावशींनी दाबू दिलं न्हाई."