डोकं झाकलेली पोरगी

गावच्या ग्रुपवरच्या समद्यांनो, माझी शाळा दुसरीतच सुटली, त्यामुळं मी बोलते आणि फोन लिवतो. चुकलं तर फोनला शिव्या द्या.

सकाळी नातीनं इथं फोटो टाकला. ती आफ्रिकेत गरीब पोरांची सेवा करायला गेलीय. तिच्या हातात केस कापायचं मशीन, समोर पोरींची रांग, सगळ्यांच्या डोक्याचा गोटा. खाली लिवलंय, "उवा गेल्या, हसू आलं!"

मी लगेच फोन लावला. "त्यांच्या आयांना इचारलंस का गं?"

"आजी, उवा होत्या. त्यात विचारायचं काय?"

पन्नास-पंचावन सालची गोष्ट. चाकणला तवा कंपन्या न्हवत्या, नुसता कांदा. पोरींनी शिकावं म्हणून एक गोरी बाई विलायतेतनं आमच्या गावात ऱ्हायला आली. लई जीव लावायची. एक दिवस तिला उवा दिसल्या. तिनं आमा सगळ्या पोरींची डोकी भादरली, वर गोड गोळ्या वाटल्या आणि फोटो काढला.

घरी आईनं ऊर बडवला. लगीन व्हायच्या आधीच पोरगी विधवेवानी बोडकी! दुसऱ्या दिवशी एकाबी घरानं पोरगी शाळेत धाडली न्हाई. केस परत आले, शाळा न्हाई आली. बाई रडत तिच्या देशाला गेली. आमचा फोटो मातूर घेऊन गेली.

नातीच्या फोटोला तुमी सकाळपास्नं बदाम टाकताय. त्यात कडंची पोरगी दोन्ही हातांनी डोकं झाकून उभी हाय. एकाला तरी दिसली का?