साडूंनी सरळ केलेला अ‍ॅम्प्लिफायर

सगळ्या जबलपुरात, आणि तिलवाऱ्याचा पूल ओलांडून थेट नागपूरपर्यंत शोधलं तरी, दुसऱ्याच्या कामात खोट काढण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस सापडणार नाही. ते फॅक्टरीत इन्स्पेक्टर होते. लोकांनी घाम गाळून बनवलेला माल मापायचा आणि ‘रिजेक्ट’ म्हणायचं, यालाच ते नोकरी म्हणत. रिटायर झाले, पण सवय कुठली रिटायर व्हायला! मेव्हणीची पोळी गोल नसली की ताटातून परत जाते. ती माउली आत जाऊन तीच पोळी उलटी करून आणते आणि मग ती पास होते. आमच्या घरी आले की चहाआधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात, आणि ते गेल्यावर माझी बायको ते पुन्हा पहिल्यासारखे करते.

अशा माणसापुढे त्यांच्या वहिनींनी उन्हाळ्यात एक लाकडी खोकं आणून ठेवलं. वारलेल्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, तरुणपणी घरीच बनवलेला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. जुन्या रेडिओसारखा, व्हॉल्व्हचा, आणि कित्येक वर्षं बंद पडलेला. वहिनी गणपतीनंतर मुलाकडे कायमच्या बेंगळुरूला निघाल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, जायच्या आधी एकदा याचा आवाज ऐकवा. बाकी काही नको मला.” साडूंनी जन्मात टॉर्चचे सेल नीट बसवले नव्हते. पण, “चलो, त्यात काय आहे!” म्हणून मोकळे झाले.

पहिल्याच दिवशी प्लग काढून, रबरी चपला घालून त्यांनी आत हात घातला आणि असा झटका बसला की महाराज थेट वाळत घातलेल्या कुरडयांवर! “प्लग तर काढला ना मी? मग हा चावला काहून?” असं ते मलाच दटावून विचारू लागले. ओमती मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या रेडिओ-मेकॅनिकनं समजावलं, “बाबूजी, कंडेन्सर में बिजली जमा रहती है. पहले उतारिए, फिर हाथ लगाइए.” साडूंनी हे वहीत उतरवलं आणि खाली सही केली. सही कशाला, ते देवाला ठाऊक.

पण खरा घोळ पुढेच. आत दादांच्या वायरी वाटेल तशा वाकड्या गेलेल्या. साडूंचा जीव खालीवर झाला. “दादाचं कामच असं. मी तेव्हाच सांगितलं होतं.” सांगितलं होतं, हे खरंच. दादांनी हौसेनं पहिल्यांदा उघडून दाखवला, तेव्हा या धाकट्यानं सगळ्यांसमोर ‘रिजेक्ट’ म्हटलं होतं. दादा हसले, पण त्यानंतर हातानं बनवलेलं काही त्यांनी यांना दाखवलं नाही. आता मेकॅनिकनं सांगितलेले खराब पार्ट बदलता बदलता साडूंनी आठ दिवस खपून एकेक वायर काटकोनात वळवली, जुडग्यात बांधली. देवघरासारखं लखलखीत काम! बटण दाबलं मात्र, आणि त्यानं असा गळा काढला की गल्लीतली कुत्री उत्तर देऊ लागली.

मेकॅनिकनं आत बघून कपाळाला हात लावला. “सीधा किसने किया? बनानेवाले ने हर तार सोच-समझकर दूर रखा था. पास लाओगे तो चीखेगा ही.”

“यांचा भरोसा नाही” म्हणून मेव्हणीनं आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. त्यावरून साडूंनी प्रत्येक वायर पुन्हा वाकडी केली. वाकडेपणासुद्धा फूटपट्टीनं मोजून, हे सांगायला नकोच.

वहिनी निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. दादांची जुनी गिटार जोडली, पण ती वाजवता आम्हां कोणालाच येत नाही. वहिनींनीच अंगठ्यानं एक तार छेडली, आणि भरदार, ऊबदार सूर खोलीभर पसरला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

“दादाचं बरोबर होतं,” साडू म्हणाले. मग आतल्या वाकड्या वायरींकडे बघत, “वहिनी, तो रागावला होता का हो माझ्यावर?”

“नाही हो भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “ ‘धाकटा पुन्हा बघायला येईल’ म्हणून कितीतरी दिवस त्यांनी याचं मागचं झाकण लावलंच नव्हतं.”