जोडलेल्या हातांचा अर्थ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा माझा शहाणपणा मी स्वतःच सांगणार आहे!

मी सुनंदा, घोडेगावजवळच्या आमच्या खेड्यातली आशाताई, म्हणजे सरकारी आशा सेविका. कोरोनाची लस नुकतीच आली होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरमॅडम म्हणाल्या, "लोकांचं मत काय आहे, अंदाज घेऊन कळवा." एवढ्या उन्हात दारोदार कोण फिरणार? गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता की! टाकला मेसेज, 'शनिवारी शाळेत लस आहे. कोण कोण घेणार?'

अहो, काय सांगू! धडाधड जोडलेले हात! हातांखाली हात! एकाचाही नकार नाही. मी ऐटीत मॅडमना कळवलं, "अख्खं गाव तयार आहे. भरपूर लस पाठवा."

शनिवारी शाळेत मांडव, खुर्च्या, पाण्याचा जार, नर्सबाई, सगळं हजर. माणूस? औषधालाही नाही!

तेवढ्यात मॅडमचा फोन. "ताई, गर्दी आवरतेय ना? पोलीस पाठवू का?"

"नको नको! सगळे अगदी शांत आहेत, मॅडम!"

तशीच पळत बबननानांच्या मळ्यात गेले. नाना कांदा काढत होते.

"नाना, ग्रुपवर हात जोडले होते ना तुम्ही?"

"जोडले की! म्हनलं, माफ कर बाई, आमाला नको."

"मग सरळ नाही म्हणायचं ना!"

"आगं सुनंदा, तू आमच्या गावची सून. तुला तोंडावर न्हाई कसं म्हनावं?"

आता यावर चिडायचं तरी कसं? मी मटकन बांधावर बसले. मग नाना हळूच म्हणाले, "लस घेतली की ताप येतो म्हनं. घरातली समदी एकदम आडवी झाली, तर कांदा कोन काढील?"

सांगा, हे ग्रुपवर कुणी लिहिलं असतं का? मी म्हटलं, "मग घरटी दोघंच या. बाकीचे पुढच्या खेपेला." आणि हेच सांगत भर उन्हात घरोघर, वस्तीवस्तीवर फिरले.

दुपारनंतर चक्क रांग लागली! संध्याकाळी शेवटच्या कुपीत एकच डोस उरला. नर्सबाई ओरडल्या, "उघडलेली कुपी ठेवता येत नाही, आणा कुणालातरी!"

मी घराकडे धावले. दारात आमच्या सासूबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेल्या.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"लस घ्यायला! सकाळधरनं बसलेय. समद्या गावाला इचारलंस, म्हनलं बघू, मला कवा इचारतीस!"