सडकसाहेबांची उंच गाडी

हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायला पंधरवडा उरला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबाद शहरातल्या नल्लकुंट्यातून एक जुनी स्टेशन वॅगन देगलूरच्या दिशेने निघाली. गाडीत तिघे होते: रस्तेखात्यातले एक ओव्हरसियर, मलकपेठेतला एक मोटार मिस्त्री आणि मी. ओव्हरसियरांना आपल्या थोरल्या बहिणीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावाहून शहरात आणायचं होतं. बातमीत 'मी' येऊ नये असं मला शिकवलं आहे. इथे तो येतो, कारण गाडी ढकलणाऱ्यांत मी होतो.

ओव्हरसियरांना नल्लकुंट्यात सगळे सडकसाहेब म्हणत. माणसाशी बोलताना त्यांची नजर त्याच्या तोंडाकडे नसे, त्याच्या पायांखालच्या जमिनीकडे असे. कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवाला उतार कोणत्या बाजूने आहे हे आधी पाहत. माणसांबद्दलची त्यांची मतंही त्याच भाषेत असत. आमच्या संपादकांना एकदा भेटले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "गृहस्थ भक्कम आहेत, पण निचरा नाही. सगळं आत साचतं." माझ्याबद्दलचं मत मी विचारलं. ते म्हणाले, "तुमचं अजून मुरूम टाकायचं चाललंय."

नोकरीतली सारी वर्षं त्यांनी मराठवाड्यात आणि तेलंगणात रस्ते केले. त्यांच्या स्वतःच्या गावाला मात्र रस्ता नव्हता. देगलूरच्या पुढे डांबर सोडलं की काळ्या रानातून गाडीवाट, मध्ये एक नाला, आणि नाल्यापलीकडे गाव. पावसाळाभर ते गाव जगापासून तुटलेलं. गावकरी दर वर्षी येऊन विनवत आणि दर वर्षी हात हलवत परत जात. "आपल्या गावच्या वाटेवर आपणच खडी टाकायची म्हणजे पंगतीत आपल्या पानावर आपणच तूप वाढून घ्यायचं," ते म्हणत. "लोक नावं ठेवतील." लोकांना हे तत्त्व फार आवडे. मी त्यावर एक छोटं स्फुटही लिहिलं होतं. ते चांगलं उतरलं होतं. मी त्या वेळी त्या गावाला गेलेलो नव्हतो.

गावात त्यांची बहीण राहायची, अक्का. आईमागे तिने यांना वाढवलं होतं. लवकर विधवा झाली, भावाचं शेत तिनेच राखलं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच नाल्यात बैलगाडी कलंडली आणि अक्काच्या खुब्याला कायमचा मार बसला. चालणं काठीवर आलं. तेव्हापासून तिने बैलगाडीत पाय ठेवायचा नाही असं ठरवलं, आणि अक्काने ठरवलेलं बदलत नसे. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हैदराबादच्या डॉक्टरांनी निरोप दिला होता की दसऱ्यानंतर खाट मोकळी आहे, आणखी थांबलात तर हाती काही उरणार नाही.

थांबायला सडकसाहेबांकडे दिवसही नव्हते. त्या महिन्यात शहरातल्या कचेऱ्यांमध्ये कपाटांवर खडूने राज्यांची नावं लिहिली जात होती: हे आंध्रचं, हे म्हैसूरचं, हे मुंबईचं. सडकसाहेबांच्या पाठीवर कुणी खडू चालवला नव्हता एवढंच. त्यांच्या वाट्याला मुंबई आली होती आणि एक नोव्हेंबरला तिथे हजर व्हायचं होतं. म्हणजे अक्काचे डोळे व्हायचे तर ऑक्टोबरातच, रानातला चिखल वाळायच्या आधी.

"खात्याची जीप मागा की," मी उन्हाळ्यातच म्हणालो होतो.

"बहिणीला सरकारी पेट्रोलवर आणू?" त्यांनी माझ्या पायांखाली पाहिलं.

ती वॅगन त्यांना एका जहागीरदाराच्या लिलावात मिळाली होती. लाकडी अंगाची, मागे दार असलेली. जहागीरदाराच्या घरातल्या बायका तिच्यातून जात, म्हणून खिडक्यांना पितळी कांबी आणि मखमली पडदे होते. सडकसाहेबांनी ती मलकपेठेत मकबूल मिस्त्रीच्या शेडमध्ये नेली आणि सांगितलं, "हिला चिखलात चालवायचीय. पोट जमिनीला लागता कामा नये."

मकबूल मिस्त्री हा कुठल्याही कल्पनेला नाही न म्हणणारा माणूस होता. त्याच्या धंद्याची सारी भरभराट आणि सारी भांडणं त्यातूनच आलेली होती. तो म्हणाला, "हौ साब. कितनी ऊंची हुना बोलो, उत्ती करतूं."

मग तो सगळा पावसाळा गाडी उंच होत राहिली. मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकचे पाटे तिच्या स्प्रिंगांखाली आले. टायरही ट्रकचेच. चाकांवरचं लाकूड करवतीने कापून चिखलाला वाट केली. पोटाखाली डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकला. धुराची नळी नाल्यात बुडू नये म्हणून ती टपापर्यंत वर नेली. पुढच्या बंपरवर विहिरीचा रहाट बसवला आणि त्यावर मोटेचा नाडा गुंडाळला, म्हणजे गाडी रुतली की नाडा झाडाला बांधून रहाट फिरवायचा आणि गाडीने स्वतःला ओढून घ्यायचं. रोज संध्याकाळी सडकसाहेब पट्टी घेऊन गाडीखाली शिरत आणि जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर मोजत. अंतर वाढलं की खूश होत. मीही खूश होई. आम्हा तिघांपैकी कुणालाही आपण काय करतो आहोत याबद्दल किंचितही शंका नव्हती.

चाचणी मुसी नदीच्या पात्रात घ्यायचं ठरलं. पाणी थोडं, वाळू फार. धोबी कपडे आपटत होते. गाडी दिमाखात पात्रात उतरली आणि मधोमध बसली. तिथे झाड नव्हतं, त्यामुळे नाडा कशाला बांधायचा हे कळेना. एक म्हातारा धोबी आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने अदबीने हात वर केला आणि म्हणाला, "साब, पूल उधर है."

त्याच्याच रेड्याने आम्हाला बाहेर काढलं. परतताना सडकसाहेब म्हणाले, "मागची बाजू हलकी पडते. वजन हवं. तुरीचं पोतं टाकलं असतं, पण तुम्ही बरे. साधारण तेवढेच भराल, आणि वेळेला उतरून ढकलाल." त्या मोहिमेत माझी नेमणूक झाली ती अशी. मी मात्र बातमीचा मथळा आधीच ठरवून ठेवला होता: 'चिखलावर मात'.

प्रवासाबद्दल सांगायचं तर गाडी चालली. हे नमूद करायला हवं, कारण पुढच्या भागात ते विसरलं जाण्याचा संभव आहे. डांबर संपलं, काळं रान सुरू झालं, चाकं मातीने पोत्यांएवढी झाली, पण पोट जमिनीला लागलं नाही. नाल्यात पाणी होतं. पलीकडच्या बाभळीला नाडा बांधून मकबूल आणि मी रहाट फिरवला, आणि गाडी धूर आकाशात सोडत काठावर चढली. सडकसाहेब उतरले, वाकले आणि त्यांनी पहिल्यांदा गाडीच्या पोटाखाली नव्हे तर आमच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मकबूल म्हणाला, "देखे? मैं बोला था ना!" तो काहीच बोलला नव्हता.

गाव वेशीवर लोटलं. अक्काला दोघींनी धरून आणलं. लुगड्याचा काष्टा नीट केलेला, हातात बोचकं, तयार. तिने हात पुढे केला आणि गाडी चाचपायला लागली. चाक लागलं. हात वर नेला. अजून चाकच. आणखी वर नेला. दार तिच्या छातीशी सुरू होत होतं.

"दत्तू," ती म्हणाली, "ही मोटार हाय का माळवद?"

सडकसाहेबांनी मागचं दार उघडून धरलं.

"शिडी आणा रं कुणीतरी. बहिणीला मोटारीत बसवायचंय म्हणून आलाय माझा भाऊ."

गाव हसलं. मी पाहिलं, सडकसाहेब कधी गाडीकडे आणि कधी अक्काच्या पायाकडे पाहत होते. खड्डा मोजला होता, दगड मोजला होता, नाल्याचं पाणी मोजलं होतं. अक्का किती पाय उचलू शकते हे कुणीच मोजलं नव्हतं. उचलून ठेवू म्हटलं तर अक्का म्हणाली, "हात लावायचा न्हाई. म्या काय कडब्याची पेंढी हाय?" आणि खुबा दुखवायची हिंमत आमच्यातही नव्हती. तिने काठीवर जोर देऊन वळायची तयारी केली. "ऱ्हाऊ दे. दिसलं तेवढं दिसलं."

तेव्हा सडकसाहेब तिच्यासमोर मातीत बसले. "अक्का," ते म्हणाले, "परत मला येता यायचं नाही गं. मी मुंबईचा झालो."

अक्का थांबली. मग ती म्हणाली, "बैलगाडी आणा. पण बैल सोडा आधी."

बैल सोडलेली गाडी माणसांनी ढकलत आणली. आधी तिची पुढची धुरी जमिनीवर टेकवून अक्काला गोधडीवर बसवलं. मग धुरी हळूहळू उचलून सरळ केली आणि गाडीची मागची बाजू वॅगनच्या मागच्या दाराला लावली. बैलगाडीचा आणि वॅगनचा तळ तंतोतंत एका पातळीला आला. मकबूलने पावसाळाभर खपून गाडी नेमकी बैलगाडीएवढी उंच केली होती. अक्का गोधडीवरून सरकत आत गेली. तिच्या हाताला मखमल लागली. "हे पडदे काढ. दिसत नसलं म्हणून काय, वारा तर लागू दे."

परतताना नाल्याला पाणी वाढलं होतं आणि काठ निसरडा झाला होता. रहाट कुरकुरला आणि मोडला. गावकऱ्यांनी न विचारता नाड्याला चार बैल जुंपले. सडकसाहेब स्टिअरिंगच्या चक्राला चिकटून ओरडत होते, "इंजिन चालू आहे! बैल नुसते सोबतीला आहेत!" मागे अक्काजवळ मी वजन म्हणून बसलो होतो. ती म्हणाली, "म्हणू दे त्याला. लहानपणापासून असाच हाय."

मग डांबर लागलं. हादरे थांबले. अक्काने मान उचलली.

"हा रस्ता कुणी केला?"

"मीच," सडकसाहेब म्हणाले.

"चांगला केलास." तिने विचारलं, "मग आपला?"

त्यांनी तेच वाक्य सांगितलं, पंगतीचं आणि तुपाचं. लोक नावं ठेवतील.

अक्का म्हणाली, "लोकांनी नावं ठेवली असती. म्या त्यावरून चालले असते."

हैदराबाद येईपर्यंत माझ्या स्फुटाचा विषय मी काढला नाही. दवाखान्याच्या दारात अक्काला उतरवायला एका भाजीवाल्याची बंडी लावावी लागली. त्याने वांगी बाजूला केली, गाडीकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "ये किसके वास्ते बनाए साब?" सडकसाहेब म्हणाले, "इनके वास्तेच."

ऑपरेशन झालं. सडकसाहेब निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी उघडली आणि अक्काच्या डोळ्यापुढे जाड भिंग धरलं. तिने भावाकडे पाहिलं. "केस पिकले की रं तुझे," ती म्हणाली. मग तिला खिडकीशी नेलं. खाली अंगणात वॅगन उभी होती, टपावर धुराची नळी, पुढे मोडका रहाट. अक्काने ती नीट पाहून घेतली. "ह्यात बसून आले मी?" आणि ती इतकी हसली की डॉक्टरांना तिला दटावावं लागलं.

नामपल्लीच्या फलाटावर सडकसाहेबांना निरोप द्यायला मकबूल आणि मी होतो. शिट्टी झाल्यावर ते दारात उभे राहून म्हणाले, "बातमीदार, आमचं गावही मुंबई राज्यातच जातंय. मुंबईत गेल्यावर पहिलं काम आमच्या गावचा रस्ता. ठेवू देत नावं." नजर माझ्या तोंडाकडे होती.

नावं ठेवली गेली. मुंबईहून येणारे लोक सांगत की हैदराबादहून एक साहेब आले आहेत, त्यांना आपल्या गावापलीकडे काही दिसत नाही. अक्का मुंबईला गेली नाही, "समुद्रात काय पेरू?" असं तिचं म्हणणं. रान वाळल्यावर मकबूलने तिला वॅगनमधूनच गावी पोचवलं, दोन्ही टोकांना बैलगाडी लावून. नंतर त्याने गाडी पुन्हा खाली उतरवली आणि पडदे लावले.

रस्त्यावर मुरूम पडत होता त्या उन्हाळ्यात सडकसाहेब मुंबईत वारले. रस्ता पुढच्या वर्षी पुरा झाला, नाल्यावर लहान पूल झाला. त्याच्या उद्घाटनाची बातमी द्यायला मला पाठवलं होतं. भाषणं संपली, मंडप सुटला, मोटारी गेल्या. मग अक्का काठी टेकत घराबाहेर पडली, पुलापर्यंत पायी आली, कठड्याला हात लावून थोडा वेळ उभी राहिली आणि पायीच परत गेली.