आमच्या बैठकीतले आकडे

किस्से कोणी मुद्दाम घरात आणत नाही; कपाटामागच्या जळमटांसारखे ते आपोआप धरतात. जळमटे मी दर शनिवारी काढते. किस्से मात्र निघता निघत नाहीत, आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या घरातले सगळे किस्से एका ॲम्प्लिफायरपासून सुरू होतात.

शिरोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी तो घरीच बनवला. त्याला झाकण नव्हते, कारण त्यातली आठ पायांची चिप सतत बदलावी लागे. या चिपांना नावे नसतात, आकडे असतात. एक उपटायची, दुसरी बसवायची, तेच गाणे पुन्हा वाजवायचे आणि आवाज कोणत्या चिपेचा चांगला यावर भांडायचे. भांडायला शाळेत विज्ञान शिकवणारे कांबळे सर आणि लाउडस्पीकर दुरुस्त करणारे मुल्लाभाई रोज संध्याकाळी हजर असत. ध्रुवपद झाले की गाणे बंद. त्या गाण्याचा अंतरा मी आजतागायत ऐकलेला नाही.

*

"सातशे एक्केचाळीस लई कोरडा हाय," मुल्लाभाई म्हणत. "नुसती भाकरी खाल्ल्यागत."

"आता पंचावन्न बत्तीस बघा. मिसळीगत कसा कट आलाय वर," इति आमचे हे.

मी विचारले, "आपण कानाने ऐकता की जिभेने?"

त्यावर तिघांनीही चहाबरोबर काहीतरी खायला मागितले.

*

चिप उपटण्यासाठी त्यांनी माझी क्रोशाची सुई वापरली. विचारले असते तर मी दिली नसती, हे ठाऊक असल्यामुळे विचारले नाही.

"वहिनी, सुई बेस हाय तुमची," मुल्लाभाईंनी कौतुक केले. "चिपंचा एक पाय वाकला न्हाई."

खरे आहे. चिपेचा पाय वाकला नव्हता. सुई वाकली होती.

*

इथवर मी सोसले. पण आमच्या बैठकीची खिडकी गल्लीवर उघडते, आणि ह्यांचा आवाज कारखान्यात घडलेला.

"काल एक्केचाळीस लावला, काय मजा न्हाय आली. आज बहात्तर लावूया."

"ओपन ठेवलं की बोंबलतंय. क्लोज करा, क्लोज."

बोलणे चिपांचे आणि तारांच्या जोडणीचे; पण मटक्याचे आकडे याच भाषेत लावतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळते. त्या चैत्रात माझ्या हळदीकुंकवाला गल्लीतली एकही बाई आली नाही. समोरच्या पाटीलबाईंनी सर्वांना सांगितले होते, "जुगाराच्या घरातलं कुंकू कशाला लावून घ्यायचं?" आयुष्यात कधी पत्त्यालाही हात न लावलेली मी, गौरीपुढे पन्ह्याचे पातेले घेऊन एकटी बसले होते.

*

पुढे जुगाराची खबर लागून हवालदार आला. कांबळे सरांनी त्याला वर्गातल्या मुलासारखे बसवून दोन चिपा आळीपाळीने ऐकवल्या.

"काय फरक वाटला?"

"दोन्ही सारखंच हाय की ओ."

एवढे खरे बोलायचे धाडस त्या बैठकीत कोणी केले नव्हते. मी त्याला साजूक तुपाचा शिरा दिला.

हवालदार हसतमुखाने बाहेर पडला आणि गल्लीने ठरवले, हप्ता बांधलेला दिसतो.

*

मी ह्यांना बजावले, "यापुढे या घरात आकडा उच्चारायचा नाही."

कांबळे सर म्हणाले, "मग चिपांना बायकांची नावं देऊ. आज सुमन लावू, उद्या कुसुम."

मी आकडेच चालू ठेवायला सांगितले.

*

एके दुपारी मागच्या दाराशी पाटीलबाई उभ्या. डोक्यावरून पदर, पदराखाली पेढ्यांची वाटी.

"काकू, बहात्तर लागला."

त्यांना काय सुनावायचे, ती वाक्ये मी चैत्रापासून जुळवून ठेवली होती. त्यातले पहिले ओठांवर येण्याआधीच त्या वाटी ठेवून निघून गेल्या.

पुढच्या चैत्रात गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका हळदीकुंकवाला आल्या. पन्हे पुरले नाही. आरास मोठी सुरेख झाली होती, पण गौरीसमोर कोणी बसेना. सगळ्याजणी बैठकीच्या भिंतीला टेकून, दाटीवाटीने, हळू आवाजात बोलत होत्या.

भिंतीपलीकडून ह्यांनी विचारले, "सर, आज कुठला लावायचा?"

सगळ्यांच्या बांगड्या एकदम थांबल्या.